अंतराळयानाची डावी बाजू

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. तास संपला, मुले बाहेर पडली आणि बी. ए. द्वितीय वर्षातील एक विद्यार्थिनी दाराशी घुटमळत राहिली. तिच्या हातात एक जाड वही होती. "सर, रागावणार नसाल तर एक दाखवायचे होते," ती म्हणाली. मला वाटले, कविता असतील. मराठी विभागात वही घेऊन येणारे बहुधा कविताच आणतात. वही उघडली तर आत नकाशे निघाले. एका अंतराळयानाचे मजले, जिने, दवाखाना, भांडारघर, झोपण्याच्या खोल्या आणि समासात बारीक अक्षरांत मांडलेले हिशेब. यान तिच्या स्वतःच्या कल्पनेतले नव्हते. 'स्टार ट्रेक' या अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेतील 'एंटरप्राइज' हे ते यान. मालिका तिने मोबाइलवर पाहिली होती आणि मालिकेने जे दाखवलेच नाही ते ती काढत बसली होती.

"घरचे म्हणतात, बी. ए. करणाऱ्या पोरीला हे कशाला पाहिजे? परीक्षेला उपयोग नाही, नोकरीला नाही. आणि हे तर दुसऱ्याचेच आहे. सर, हा वेळ वाया घालवणे आहे का?"

त्या दिवशी मी तिला नीट उत्तर दिले नाही. "छान आहे, चालू ठेव," एवढे म्हणून निघालो. पण प्रश्न माझ्या मागोमाग घरी आला. कारण चाळीस वर्षांपूर्वी जवळजवळ हाच प्रश्न मला विचारला गेला होता आणि उत्तर न सुचल्यामुळे मी एक गोष्ट कायमची सोडून दिली होती. प्रस्तुत लेख हे त्या विद्यार्थिनीला दिलेले उशिराचे उत्तर आहे.

नाचणगावचे यान

माझे बालपण नाचणगावात गेले. पुलगावला लागून असलेले, देवळी तालुक्यातील हे गाव. सभोवती कापसाचा मुलूख. ऐंशीच्या दशकाच्या मध्यात मी सातवीत होतो. सुट्टीत नागपूरला मामाकडे गेलो की शेजारच्या घरी रविवारी सकाळी दूरदर्शन पाहायला मिळे. त्या काळात ही मालिका दूरदर्शनवर लागत असे. संवाद इंग्रजी, दाटीवाटीने बसलेल्या आम्हा पोरांपैकी कोणालाच ते कळत नसत. आज वाटते, एका अर्थाने ते बरेच झाले. भाषा कळत नव्हती म्हणून आम्ही यान वाचले. पुढे एक मोठी सपाट तबकडी, तिच्या खाली मानेसारखा भाग, त्या मानेला जोडलेले एक जाड नळकांडे आणि त्याच्या वर, मागच्या बाजूला, दोन तिरक्या खांबांवर तोललेली दोन लांब नळकांडी. ना पंख, ना शेपूट, ना धूर. आम्ही तोपर्यंत पाहिलेल्या कोणत्याही वाहनाशी त्याचे साम्य नव्हते. तरी पुढची बाजू कोणती आणि मागची कोणती, हे विचारावे लागले नाही.

गावी परतल्यावर मी गल्लीतल्या मित्रांना ते वर्णन करून सांगितले. त्यांनी ते कधीच पाहिलेले नव्हते. माझ्या सांगण्यावरून प्रत्येकाने धुळीत काडीने यान काढले आणि प्रत्येकाचे यान वेगळे झाले. एकाने तबकडीला बैलगाडीच्या चाकासारखे आरे काढले. दुसऱ्याने इंजिने खाली लावली. त्याचे म्हणणे असे, की जड वस्तू खालीच असते. वाद मिटेना, तेव्हा मी यान करून दाखवायचे ठरवले. तबकडीसाठी जर्मनची ताटली, पोटासाठी बांबूचे कांडे, खांबांसाठी पऱ्हाटीच्या काड्या आणि इंजिनांसाठी टॉर्चचे संपलेले सेल, एकापुढे एक ठेवून कागदात गुंडाळलेले. रात्री ते टेबलावर ठेवून झोपलो. सकाळी पाहतो तो दोन्ही इंजिने मान टाकून खाली लोंबत होती.

ते घेऊन मी आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या मिस्त्रीबाबांकडे गेलो. ते तान्ह्या पोळ्यासाठी लाकडाचे नंदी करीत.

"हे कायचं होय बाप्पा?"

"आकाशातलं जहाज होय, बाबा. तिथं वजन नसते. म्हणून इंजिनं वर आहेत."

त्यांनी यान हातावर तोलून पाहिले. मग म्हणाले, "आभायात वजन नसन. पण तुह्या टेबलावर तं हाये ना!"

मग त्यांनी रंधा बाजूला ठेवला, काड्यांच्या जागी सागाच्या दोन चिपा तासल्या, बांबूला खाच पाडून त्या खुंटीसारख्या घट्ट बसवल्या आणि सेल काढून टाकून आत पोकळ कागदी नळ्या घालायला सांगितल्या. यान उभे राहिले.

त्या वर्षी शाळेच्या हस्तव्यवसाय प्रदर्शनात मी ते ठेवले. पाहणाऱ्या गुरुजींनी विचारले, "हे तुझ्या मनाने केलेस, की कशाची नक्कल आहे?" मी खरे सांगितले. ते म्हणाले, "मग यात तुझे काय?" यान टेबलावरून काढून बाकाखाली ठेवले गेले. बक्षीस गेल्याचे दुःख फार दिवस टिकले नाही. पण "यात तुझे काय?" या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. त्यानंतर मी पुन्हा असे काही केले नाही.

नकारातून झालेला आराखडा

पुढे वाचनाची आवड लागली तेव्हा त्या यानाचा जन्म कसा झाला, हे कळले. ही मालिका अमेरिकेत ८ सप्टेंबर १९६६ रोजी सुरू झाली आणि १९६९ मध्ये ७९ भागांनंतर बंद पडली. तिचा कर्ता जीन रॉडनबेरी. दुसऱ्या महायुद्धात त्याने बॉम्बफेकी विमान चालवले होते. यानाचा आराखडा करणारा मॅट जेफ्रीज हाही युद्धकाळात बॉम्बफेकी विमानांवर काम केलेला आणि विमानांचा मोठा षौकीन. १९६४ साली रॉडनबेरीने त्याला यान कसे हवे यापेक्षा कसे नको, हेच अधिक सांगितले. पंख नकोत, शेपटीचे कल्ले नकोत, आगीचे लोळ नकोत, धुराची रेघ नको. अग्निबाण वाटता कामा नये. जेफ्रीजने जुन्या चित्रकथांतील आणि चित्रपटांतील याने गोळा करून भिंतीवर लावली. हेतू हा, की यांतले काहीही करायचे नाही.

आता या नकारांतून होकार कसा निघाला ते पाहावे. यानाची इंजिने अफाट शक्तीची असणार. अशा शक्तीजवळ माणसांनी राहणे धोक्याचे. म्हणून इंजिने मुख्य भागापासून दूर, खांबांवर गेली. यंत्रे केव्हातरी बिघडणार. ती बाहेर बसवली तर दुरुस्तीसाठी माणसाला पोकळीत जावे लागेल. म्हणून सारी यंत्रे आत आणि बाहेरचा पृष्ठभाग गुळगुळीत. माणसे राहतात त्या भागासाठी त्याने प्रथम गोलाचा विचार केला, कारण आतल्या हवेचा दाब सहन करायला गोल सर्वांत सोयीचा. पण गोल बोजड दिसू लागला, तेव्हा तो चपटा करीत करीत त्याची तबकडी झाली. प्रत्येक आकारामागे एक कारण आहे आणि ते सामान्य माणसाला समजेल असे आहे.

यानावरचा क्रमांकही असाच. 'एनसीसी-१७०१' वाचून आपल्या विद्यार्थ्यांना छात्रसेना आठवेल; पण त्याचा संबंध अमेरिकन विमानांवर पूर्वी असणाऱ्या 'एनसी' या अक्षरांशी आहे. अंक निवडताना जेफ्रीजने ३, ६, ८ आणि ९ टाळले, कारण इंग्रजी लिपीत ते दुरून एकमेकांसारखे दिसतात. विमानतळावर उभे राहून आकाशाकडे पाहिलेल्या माणसाचा हा विचार आहे.

मला सर्वांत आनंद झाला तो एका लहानशा हकिगतीने. जेफ्रीजने प्रथम एक छोटा नमुना केला तो बाल्सा या हलक्या लाकडाचा. इंजिने मात्र बर्च लाकडाच्या गोल दांड्यांची. ती जड निघाली आणि दोऱ्याला टांगताच यान उलटे झाले. रॉडनबेरीला ते उलटेच आवडले! इंजिने वर हवीत हे पटवून देण्यासाठी जेफ्रीजला बरेच बोलावे लागले. म्हणजे नाचणगावच्या धुळीत माझ्या मित्राने घातलेला वाद त्या आधी वीस वर्षे एका अमेरिकन स्टुडिओत होऊन गेला होता. आणि मिस्त्रीबाबांचे शास्त्र तिथेही लागू पडले होते.

पैसा आणि डावी बाजू

कलेच्या अभ्यासकाने खर्चाचा विचार हलका मानू नये. दर आठवड्याला एवढे मोठे यान ग्रहावर उतरताना दाखवणे निर्मात्यांना परवडणारे नव्हते. म्हणून माणसांना किरणांच्या रूपाने क्षणात खाली पोहोचवणारे यंत्र कल्पिले गेले. आज जगभर ठाऊक असलेली ती कल्पना काटकसरीतून आली. ब्रिटनमध्ये १९६३ साली सुरू झालेल्या 'डॉक्टर हू' मालिकेतही तेच. तिथले यान परिस्थितीप्रमाणे रूप बदलणारे; पण दर वेळी नवे रूप उभारणे महाग, म्हणून त्याचे यंत्र बिघडले आणि ते पोलिसांच्या निळ्या खोक्याच्या रूपातच अडकून पडले, असे ठरवण्यात आले. तेच खोके पुढे त्या मालिकेची ओळख झाले.

आता या लेखाच्या शीर्षकाकडे येतो. 'एंटरप्राइज'चा चित्रीकरणासाठी केलेला मोठा नमुना सुमारे ११ फूट लांब आहे. लाकूड, प्लॅस्टिक आणि पत्रा यांचा तो बनलेला आहे. १९७४ साली तो वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय हवाई व अंतराळ संग्रहालयाकडे गेला आणि दुरुस्तीनंतर २०१६ पासून तेथील मुख्य दालनात ठेवला गेला. या नमुन्यात दिवे बसवले तेव्हा त्यांच्या तारा डाव्या बाजूने आत घेतल्या. त्यामुळे यानाचे चित्रीकरण उजव्या बाजूनेच होत असे आणि डाव्या बाजूचे काम उजवीसारखे कधीच पुरे केले गेले नाही. यान उलट दिशेने जाताना दाखवायचे झाले तर क्रमांक उलटा चिकटवून चित्र फिरवून घेत.

म्हणजे कोट्यवधी लोकांनी ज्या यानावर प्रेम केले, त्याची एक बाजू केलेलीच नव्हती! मला वाटते, चाहत्यांच्या साऱ्या निर्मितीचे मर्म या गोष्टीत आहे. निर्माते आपल्याला उजवी बाजू दाखवतात. डावी बाजू चाहत्याला करावी लागते.

डावी बाजू करणारी माणसे

या मालिकेच्या चाहत्यांनी काय केले, याची तीन उदाहरणे देतो.

पहिले उदाहरण खेळण्याचे. ए. एम. टी. या कंपनीने यानाच्या प्लॅस्टिकच्या सुट्या भागांचा संच बाजारात आणला. मुलांनी घरी तो जोडायचा. ऑक्टोबर १९६७ मध्ये दाखवलेल्या एका भागात 'एंटरप्राइज'सारखेच दुसरे, मोडतोड झालेले यान हवे होते. नवा नमुना करायला पैसे नव्हते. तेव्हा मालिकेच्या लोकांनी तोच बाजारातला संच घेतला, तो जाळून-मोडून जखमी यान केले आणि संचातील १७०१ या अंकांचा क्रम बदलून त्यावर १०१७ हा क्रमांक घातला. मुलाच्या टेबलावरचे खेळणे आणि पडद्यावरचे यान यांत त्या दिवशी काही अंतर उरले नाही.

दुसरे उदाहरण फ्रान्झ जोसेफ यांचे. हे विमाने व अवकाशयाने बनवणाऱ्या कंपनीत आयुष्य घालवलेले आराखडाकार. त्यांची मुलगी या मालिकेची चाहती. तिच्या मित्रमंडळींनी हाताने केलेल्या वस्तू पाहून यांना वाटले, की हे काम नीट मापाने झाले पाहिजे. मालिका बंद पडून चार-पाच वर्षे झाली होती. त्यांनी पडद्यावर दिसलेल्या प्रत्येक खोलीवरून माग काढत संपूर्ण यानाचे मजल्यामजल्यांचे नकाशे काढले. ते १९७५ साली प्रसिद्ध झाले आणि हातोहात खपले. अडचणी पुष्कळ होत्या. यानाची लांबी ९४७ फूट ठरलेली, आत ४३० माणसे; पण स्टुडिओत उभारलेल्या खोल्या या आकारात बसतातच असे नाही. कोठे जिना चुकतो, कोठे छत आडवे येते. त्या विसंगती सोडवणे हाच त्यांचा अभ्यास झाला.

तिसरे उदाहरण ग्रेग जीन यांचे. १९६७ सालच्या एका भागात एका अधिकाऱ्याच्या खोलीत भिंतीवर दुरुस्तीला आलेल्या यानांचा तक्ता क्षणभर दिसतो. त्यावर नुसते क्रमांक आहेत, नावे नाहीत. मालिकेत अन्यत्र यानांची नावे ऐकू येतात, पण क्रमांक सांगितलेले नाहीत. जीन यांनी सत्तरच्या दशकात चाहत्यांच्या एका नियतकालिकात लेख लिहून कोणत्या नावाला कोणता क्रमांक असावा, याचा तर्क मांडला. आपले संशोधक ताम्रपटावरील तुटक अक्षरांवरून राजांची वंशावळ लावतात, तसाच हा प्रकार. गंमत म्हणजे पुढे मालिकेच्या अधिकृत कोशाने त्यांतील बरेच क्रमांक स्वीकारले. चाहत्याचा तर्क मूळ ग्रंथाचा भाग झाला.

आणि जेव्हा हे प्रेम कागदावरून बाहेर पडले तेव्हा अमेरिकन सरकारलाही त्याची दखल घ्यावी लागली. पहिल्या शटल यानाचे नाव 'कॉन्स्टिट्यूशन' ठरले होते. चाहत्यांनी हजारो पत्रे पाठवली आणि १७ सप्टेंबर १९७६ रोजी ते यान 'एंटरप्राइज' या नावाने लोकांसमोर आले. ते केवळ वातावरणातील चाचण्यांसाठी होते, अंतराळात कधीच गेले नाही. म्हणजे काल्पनिक यान तारकांपर्यंत पोहोचले आणि खरे यान जमिनीजवळच राहिले.

मुंबईचे दिवे, खालापूरचे हात

वाचक म्हणतील, हे सारे परदेशाचे झाले. पण यांतील एक धागा थेट महाराष्ट्रात येतो. स्टीव्हन स्पिलबर्ग यांचा परग्रहवासीयांच्या भेटीवरचा प्रसिद्ध चित्रपट १९७७ साली प्रदर्शित झाला. त्यातील एक प्रसंग मुंबईपासून जवळच, खालापूरनजीकच्या हाळ या गावी चित्रित झाला. तो तेव्हाचा कुलाबा जिल्हा, आजचा रायगड. प्रचंड समुदाय पाच स्वरांची एक धून आळवीत बसला आहे. हे सूर कुठून आले, असे विचारताच शेकडो हात एकदम आकाशाकडे उठतात. ज्या यानाकडे ते बोट दाखवीत होते, त्याचे रूप तेव्हा निश्चितही झालेले नव्हते. त्याच मुक्कामात स्पिलबर्ग यांनी रात्रीच्या वेळी मुंबईचा एक तेलशुद्धीकरण कारखाना पाहिला. नळ्या, मनोरे आणि त्यांवर लुकलुकणारे असंख्य दिवे. चित्रपटाच्या शेवटी उतरणारे ते अवाढव्य यान त्या दृश्यावरून सुचले.

आणि ते यान प्रत्यक्ष कोणी घडवले? नमुन्याचे काम केले ते ग्रेग जीन यांनी. तेच, भिंतीवरच्या तक्त्याचा माग काढणारे! चाहता कारागीर झाला होता. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या नमुन्यावर एक टपालपेटी, एक छोटी मोटारगाडी, एक चिमुकली दफनभूमी अशा वस्तू लपवून ठेवल्या. पडद्यावर त्या सहजी दिसत नाहीत. ज्याला डावी बाजू शोधायची सवय आहे, त्याने पुढच्या शोधणाऱ्यांसाठी ठेवलेला तो खाऊ आहे. पुढे जीन यांनी 'स्टार ट्रेक'च्या नंतरच्या मालिकांसाठीही याने घडवली. २०२२ साली त्यांचे निधन झाले.

आपल्याकडील मालिकांचे काय? दूरदर्शनवर 'स्पेस सिटी सिग्मा' आली, १९९८ साली केतन मेहता यांची 'कॅप्टन व्योम' आली. मुलांनी ती आवडीने पाहिली. त्यांतील यानांचेही नकाशे कुणीतरी वह्यांच्या मागच्या पानांवर काढले असतील. माझ्या पाहण्यात मात्र अशी एकही वही जपलेली आली नाही. आपल्याकडे अशा वह्या रद्दीत जातात.

नक्कल की अभ्यास?

"यात तुझे काय?" या प्रश्नाचे उत्तर मला अखेर सापडले ते आमच्याच जिल्ह्यात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी विदर्भात तान्हा पोळा भरतो. लहान मुले चाकांवरचे लाकडी नंदी सजवून मिरवतात आणि घरोघर बोजारा मागतात. आमच्या जिल्ह्यातील सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा तर मोठमोठ्या नंदींसाठी प्रसिद्ध आहे. लाकडाचा बैल ही जिवंत बैलाची नक्कल नव्हे काय? पण त्या कारागिराला कोणी असे विचारत नाही. वशिंड किती उचलावे, मान कोठे वळवावी, म्हणजे बैल दमदार दिसेल, हे त्याने शेकडो बैल पाहून ठरवलेले असते. बैल त्याचा नाही. पाहणे त्याचे आहे.

२०२३ साली २३ ऑगस्टला चांद्रयान-३ चंद्रावर उतरले आणि तीन आठवड्यांनी तान्हा पोळा आला. त्या दिवशी मी एका लहान मुलाच्या नंदीच्या पाठीवर पुठ्ठ्याचा, सोनेरी कागद लावलेला चार पायांचा 'विक्रम' पाहिला. पाय चारही बाजूंना फाकलेले होते. मी विचारले, "असे वाकडे का लावले रे?" तो म्हणाला, "नाहीतर पडते ना, काका!" गणपतीत तर गावोगाव त्याच यानाचे देखावे झाले. नकलेने त्या मुलाला एक गोष्ट शिकवली होती, जी नुसते चित्र पाहून शिकता आली नसती. रुंद पाया का हवा, हे त्याच्या हाताला कळले होते.

यावरून मला असे म्हणायचे आहे, की नकलेचे दोन प्रकार आहेत. एक, जो उजवी बाजू पाहून उजवीच करतो. तो सुबक असेल, पण तो तिथेच थांबतो. दुसरा, जो करता करता अशा जागी येतो जिथे मूळ वस्तूने काहीच सांगितलेले नसते आणि तिथून पुढे स्वतःच्या विचाराने जातो. पण मूळ वस्तूचे नियम न मोडता. तो अभ्यास आहे. टीकाकार कवितेतील न लिहिलेला अर्थ शोधतो तेव्हा याहून वेगळे काय करतो?

चाहत्यांचे दोषही सांगितले पाहिजेत. कित्येकांना यानाच्या खिळ्यामोळ्यांचा इतका सोस लागतो, की कथेतील माणसे त्यांना दिसेनाशी होतात. एका क्रमांकावरून वर्षानुवर्षे भांडणारेही आहेत. आणि आता तयार, रंगवलेले नमुने विकत मिळत असल्याने हाताने करण्याऐवजी कपाट भरण्यालाच कौतुक समजले जाण्याचा धोका आहे. विकत घेतलेल्या यानाची इंजिने लोंबत नाहीत. म्हणून ते काही शिकवतही नाही.

तिच्या समासातील हिशेब

आता पुन्हा त्या विद्यार्थिनीच्या वहीकडे. मी ती पुन्हा मागून घेतली आणि समासातील हिशेब या वेळी नीट वाचले. ते पाण्याचे होते. मालिकेत यानाची मोहीम पाच वर्षांची आहे. कर्णधार लढतो, शास्त्रज्ञ विचार करतो, पण पाणी कोण भरते हे कोणीच दाखवत नाही. तिने लिहिले होते: माणशी दिवसाला फक्त १० लिटर धरले तरी ४३० माणसांना ४,३०० लिटर, म्हणजे जवळजवळ रोज एक पाच हजारी टँकर. पाच वर्षांचे सुमारे ७८ लाख लिटर. एवढे पाणी सोबत नेणे अशक्य. म्हणजे वापरलेले पाणी पुन्हा शुद्ध करावेच लागेल. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर ९८ टक्के पाणी परत मिळवता येते, असे २०२३ साली जाहीर झाले. तो आकडा तिने शोधून काढला होता. त्या हिशेबाने रोजची तूट ८६ लिटरची आणि पाच वर्षांची सुमारे १ लाख ५७ हजार लिटरची. तेवढ्या पाण्याच्या टाक्या तिने यानाच्या पोटात काढल्या होत्या. माणसांच्या खोल्यांच्या भोवती, कारण पाणी किरणोत्सर्गाही अडवते, असे तिने बाणाखाली लिहिले होते.

"हे पाण्याचे तुला कसे सुचले?" मी विचारले.

"सर, उन्हाळ्यात आमच्या घरी पाणी मीच भरते. यान पाहिले की पहिले तेच डोक्यात आले."

मॅट जेफ्रीजला विमाने ठाऊक होती म्हणून त्याने दुरून वाचता येणारे अंक निवडले. फ्रान्झ जोसेफ यांना आराखडे ठाऊक होते म्हणून त्यांनी जिने जुळवले. मिस्त्रीबाबांना लाकूड ठाऊक होते म्हणून त्यांनी सेल काढायला लावले. या मुलीला पाणी ठाऊक आहे. म्हणून तिच्या यानात ते आहे, जे मूळ यानात कोणी काढले नव्हते. "यात तुझे काय?" या प्रश्नाचे उत्तर हे आहे.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी कोणाच्या वहीत असे एखादे यान, किल्ला, जहाज वा नगर असेल तर त्याला तीन प्रश्न विचारून पाहा. हे कोणत्या कामासाठी आहे? हे प्रथम कोठे मोडेल? यात राहणारी माणसे रोज काय करतात? पहिला प्रश्न आकार देईल, दुसरा बळकटी देईल आणि तिसरा त्यात जीव आणील. आणि ती वही रद्दीत घालू नका.

माझे नाचणगावचे यान राहिले नाही. बाकाखालून मी ते घरी नेले आणि एका पावसाळ्यात त्याचे काय झाले, ते कळले नाही. सागाच्या दोन चिपा मात्र बरीच वर्षे घरातील हत्यारांच्या पेटीत होत्या. या दिवाळीच्या सुट्टीत नव्या तासून घ्याव्यात, असे मनात आहे. ताटली आणि बांबू मिळणे अवघड नाही. या वेळी डाव्या बाजूच्या खिडक्या मी आधी काढणार आहे.